आयथ्रीस्टेटस: तळातली एक ओळ आपल्या हाताने बांधताना

आयथ्री, म्हणजे लिनक्सवर खिडक्या शेजारी-शेजारी मांडणारा विंडो मॅनेजर, पहिल्यांदा सुरू केलं की बरेच जण गोंधळतात. मेन्यू नाही, आयकॉन नाहीत, कोपऱ्यात स्पीकरचं चित्र नाही. रिकामी स्क्रीन आणि तळाला एक बारीक पट्टी: डावीकडे वर्कस्पेसचा आकडा, उजवीकडे लहान अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. बॅटरी किती उरली, वायफाय जोडलं गेलं का, डिस्कवर जागा किती, किती वाजले, हे सांगणारी तीच एक ओळ. टायलिंग डेस्कटॉपवर खिडक्या सगळी स्क्रीन व्यापतात, त्यामुळे दिवसभर नजरेसमोर राहते ती एवढीच जागा. ती ओळ कुठून येते आणि आपल्याला हवी तशी कशी करायची, ते इथे पायरी-पायरीने सांगतो. आयथ्री आधीच चालू आहे आणि टर्मिनल उघडून दोन-चार कमांड देता येतात, एवढं धरून चालतो.

कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची. ‘आयथ्रीस्टेटस’ म्हणजे आय हे अक्षर, मग तीनचा आकडा, मग स्टेटस हा शब्द, मध्ये जागा न सोडता. बाकी स्पेलिंगची काळजी नको, कारण लागणारे बहुतेक शब्द मूळ कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेलेच असतात. आपण त्यांचा क्रम आणि मूल्यं बदलणार आहोत.

लिहिणारा एक, दाखवणारा दुसरा

सगळ्यात आधी हे समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ती पट्टी आणि तिच्यावरचा मजकूर ही दोन वेगळ्या प्रोग्रामची कामं आहेत. पट्टी काढतो आयथ्रीबार. मजकूर तयार करतो आयथ्रीस्टेटस. रेल्वे स्टेशनवरचा इंडिकेटर आठवा. गाडी कुठे आहे हे त्या बोर्डाला स्वतःला काही कळत नाही, मागून जे येतं ते तो दाखवतो. आयथ्रीबारचंही तसंच. तो एक कमांड चालवतो आणि ती जे छापेल ते उजवीकडे मांडतो. कमांड कोणतीही चालते. आयथ्रीस्टेटस ही त्यातली नेहमीची, आणि नव्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

कारण तिच्या रचनेत आहे. आयथ्री मायकेल श्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये सुरू केलं आणि आयथ्रीस्टेटसही त्यांचंच. तो सी भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम आहे. माहिती काढण्यासाठी तो दर वेळी नवनवे शेल कमांड सुरू करत नाही. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, ज्या फाइलींतून माहिती उघडी ठेवलेली असते त्या थेट वाचतो. त्यामुळे मशीनवर कितीही भार असला तरी ओळ वेळेवर ताजी होते आणि बॅटरीही फारशी खात नाही. तुमचं मशीन कंपाइल करताना धापा टाकत असेल, तेव्हाच ही ओळ सगळ्यात जास्त लागते. नेमक्या त्या वेळी ती अडकली तर तिचा उपयोग काय?

आधी टर्मिनलमध्ये चालवून बघा

डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च या सगळ्या लिनक्स डिस्ट्रोंत पॅकेजचं नाव आयथ्रीस्टेटस हेच आहे आणि बहुतेक वेळा ते आयथ्रीबरोबर आलेलंही असतं. नसेल तर एप्ट, डीएनएफ किंवा पॅकमन, तुमच्याकडे जे असेल त्याने टाकून घ्या.

मग कॉन्फिगला हात न लावता टर्मिनलमध्ये नुसतं आयथ्रीस्टेटस असं टाइप करून एंटर दाबा. पट्टीवर दिसते तीच ओळ इथे साध्या मजकुरात दिसेल. आपण कोणासाठी लिहितोय हे प्रोग्राम स्वतःच ओळखायचा प्रयत्न करतो. आयथ्रीबारने चालवलं तर जेसन या प्रोग्रामने वाचायच्या रूपात देतो, टर्मिनलमधून चालवलं तर माणसाला वाचता येईल असं. ओळीत डावीकडून उजवीकडे आयपीव्हीसिक्सचा (इंटरनेटच्या नव्या पद्धतीचा) पत्ता किंवा तो नसल्याची नोंद, मग वायफाय, मग केबलचं नेटवर्क, बॅटरी, डिस्क, लोड, मेमरी आणि शेवटी तारीख-वेळ. केबल जोडलेली नसेल तर ‘ई: डाउन’. डेस्कटॉप मशीन असेल तर ‘नो बॅटरी’. दर पाच सेकंदांनी ओळ ताजी होते. कंट्रोल आणि सी दाबून थांबवा.

ही सवय लावून घ्या. कॉन्फिगमध्ये काहीही बदललं की आधी टर्मिनलमध्ये चालवायचं आणि नंतरच पट्टीकडे वळायचं. फाइलमध्ये चूक असेल तर टर्मिनल कोणत्या ओळीत काय चुकलं ते सांगतं. पट्टीवर मात्र फक्त लाल अक्षरांत स्टेटस कमांड बंद पडल्याचा निरोप येतो आणि तुम्ही अंदाज बांधत बसता.

कॉन्फिग फाइल आपल्याकडे आणा

मूळ फाइल ईटीसी फोल्डरमध्ये आयथ्रीस्टेटस-डॉट-कॉन्फ या नावाने असते. तिला हात लावू नका. तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट-कॉन्फिगमध्ये आयथ्रीस्टेटस नावाचा फोल्डर करा आणि त्यात कॉन्फिग या नावाने तिची प्रत ठेवा. होममधली फाइल सापडली की प्रोग्राम तीच वाचतो. सगळंच बिघडलं तर ती प्रत पुसायची, मूळ ओळ परत हजर.

फाइल उघडल्यावर अगदी वरच्या कॉमेंटमध्ये एक विचित्र अक्षर दिसेल, ग्रीक बीटासारखं. ते जर्मनमधलं ‘शार्प एस’. फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीतच जतन व्हायला हवी, आणि तुमचा एडिटर ती नीट वाचतोय की नाही हे लगेच कळावं म्हणून ते अक्षर तिथे मुद्दाम ठेवलंय. तिथे दोन भलतीच चिन्हं दिसत असतील तर आधी एडिटर दुरुस्त करा, असं खालीच लिहिलेलं आहे. आपल्याला ही सूचना जास्तच लागू पडते, कारण पुढे आपण याच फाइलमध्ये देवनागरी लिहिणार आहोत.

फाइलचे तीन भाग. पहिला ‘जनरल’: त्यात रंग हवेत का आणि किती सेकंदांनी ताजं करायचं. दुसरा ‘ऑर्डर’च्या ओळींचा. तिसऱ्या भागात प्रत्येक मॉड्यूलची, म्हणजे ओळीतल्या एकेका तुकड्याची, महिरपी कंसांतली स्वतःची सेटिंग.

ऑर्डरचा भाग नीट समजून घ्या, नवे लोक इथेच अडकतात. प्रत्येक ओळ ‘ऑर्डर’ शब्दाने सुरू होते, पुढे अधिकचं चिन्ह आणि बरोबरचं चिन्ह जोडून येतं, मग अवतरणात मॉड्यूलचं नाव. ज्या क्रमाने ओळी, त्या क्रमाने पट्टीवर. मॉड्यूलची सेटिंग खाली कितीही छान लिहिलीत, तरी ऑर्डरमध्ये नाव नसेल तर ते दिसत नाही. नाव असेल पण खालच्या कंसावरचं नाव तंतोतंत जुळत नसेल, तरीही गडबड होते. आणि अधिकचं चिन्ह राहून नुसतं बरोबरचं चिन्ह पडलं, तर वरची सगळी यादी पुसली जाऊन फक्त त्या ओळीतलं आणि तिच्या खालचं उरतं. पट्टी अचानक रिकामी झाली की मी सगळ्यात आधी तेच एक चिन्ह शोधतो.

आता कात्री लावा. आयपीव्हीसिक्सची ओळ बहुतेकांना लागत नाही, तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका. लॅपटॉपला कधी केबल लावत नसाल तर इथरनेटही बंद करा. जो आकडा बघून तुम्ही कधीच काही करत नाही, त्याने दिवसभर नजरेसमोर जागा अडवू नये. माझ्या पट्टीवर पाचच गोष्टी आहेत.

बॅटरी: इथे थोडं थांबा

जुना लॅपटॉप चार्जरला रात्रभर लावला, सकाळी पट्टीवर बघितलं तर बॅटरी ७६ टक्के. चार्जर बदलला, प्लग बदलला, तरी ७६. त्याच लॅपटॉपवर दुसरं डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट उघडलं, तर तिथे तीच बॅटरी १०० दाखवत होती. दोन्ही आकडे खरे होते.

बॅटरीला दोन क्षमता असतात. एक कारखान्यातून निघताना ठरलेली, म्हणजे डिझाइन कपॅसिटी. दुसरी आज ती प्रत्यक्षात जितकी भरते तितकी. समजा बॅटरी ५० वॉट-तासांची होती आणि आता झिजून ३८ वरच भरते. आयथ्रीस्टेटस काहीच न सांगता पहिल्या आकड्याशी तुलना करतो, म्हणून पूर्ण भरल्यावरही ३८ भागिले ५०, म्हणजे ७६ टक्के. हे मुद्दाम ठेवलेलं आहे. बॅटरी किती झिजली हे कळावं म्हणून आपल्याला असंच बघायला आवडतं, हे लेखकाने मॅन्युअलमध्येच सांगून ठेवलंय. तुम्हाला नेहमीसारखे १०० हवे असतील तर बॅटरीच्या कंसात ‘लास्ट फुल कपॅसिटी’ हा पर्याय, शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन, ट्रू करा.

मला विचाराल तर पहिले सहा महिने तो बदलू नका. बॅटरी हळूहळू उतरताना रोज डोळ्यांसमोर दिसते आणि नवी कधी घ्यायची हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. दोन्ही आकडे स्वतः तपासायचे असतील तर सिस फोल्डरमध्ये क्लास, त्यात पॉवर-सप्लाय, त्यात बॅट-शून्य असा फोल्डर असतो. तिथल्या ‘एनर्जी फुल’ आणि ‘एनर्जी फुल डिझाइन’ या फाइली कॅट कमांडने वाचा. काही लॅपटॉपवर एनर्जीच्या जागी चार्ज हा शब्द असतो.

याच कंसात इशाऱ्याची मर्यादा आहे. मूळ हिशेबाने वापरासाठी ३० मिनिटं उरली की बॅटरीचा मजकूर लाल होतो. ३० टक्के नव्हे, ३० मिनिटं. जुन्या बॅटरीचा मिनिटांचा अंदाज मात्र सारखा हलतो. ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की निम्मा होतो, बंद केला की परत वाढतो. म्हणून मी ‘थ्रेशोल्ड टाइप’ हा पर्याय (इथेही मध्ये अंडरस्कोर) परसेंटेज करून मर्यादा २५ ठेवली आहे. गावी लोडशेडिंगच्या दिवसांत वीज परत कधी येणार हे माहीत नसतं, तेव्हा लाल रंग थोडा लवकर दिसलेला बरा.

डिस्क, लोड, मेमरी

डिस्कचं मॉड्यूल रूट विभागावर उरलेली जागा दाखवतं. होम वेगळ्या विभागावर असेल तर तोच कंस परत लिहून त्यात होमचा मार्ग द्या आणि ऑर्डरमध्येही जोडा. लोडचा, म्हणजे प्रोसेसरवरच्या कामाच्या भाराचा, आकडा एकटा वाचू नका. एनप्रॉक कमांडने तुमच्याकडे किती कोअर आहेत ते बघा. चार कोअरवर लोड ४ म्हणजे मशीन पुरतं कामात आहे, दोन कोअरवर तोच आकडा म्हणजे कामांची रांग लागली आहे.

मेमरीत ‘फ्री’ आणि ‘अव्हेलेबल’ यांचा घोळ होतो. लिनक्स रिकामी मेमरी पडून ठेवत नाही, वाचलेल्या फाइली तिथे साठवतो आणि गरज पडली की जागा मोकळी करतो. म्हणून फ्री नेहमी कमीच दिसतं आणि नवा माणूस विनाकारण घाबरतो. खरा आकडा अव्हेलेबल. २०१४ मधल्या ३.१४ कर्नलपासून तो कर्नल स्वतःच मोजून देतो. मूळ कॉन्फिगमध्ये तो १ जीबीच्या खाली गेला की मजकूर बदलतो आणि रंगही. तेवढं पुरेसं आहे.

वेळ, आणि वार मराठीत

शेवटचं मॉड्यूल ‘टीझेडटाइम लोकल’. यात टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर अशा खुणांनी तारीख-वेळ लिहितात: मोठा वाय म्हणजे वर्ष, लहान एम म्हणजे महिन्याचा आकडा, लहान डी तारीख, मोठा एच तास, मोठा एम मिनिटं. डेट या कमांडच्याच खुणा. वार हवा असेल तर मोठा ए, महिन्याचं पूर्ण नाव हवं असेल तर मोठा बी.

आता वार मराठीत आणू. आधी मराठी लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशाची सेटिंग, तयार हवं. डेबियन-उबुंटूवर ईटीसी फोल्डरमधल्या लोकेल-डॉट-जेन फाइलमध्ये एमआर-अंडरस्कोर-आयएन ही ओळ शोधा (एमआर लहान, आयएन मोठ्या अक्षरांत), तिच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढा आणि सुडो लावून लोकेल-जेन ही कमांड चालवा. मग ‘लोकेल मायनस ए’ दिल्यावर यादीत ते नाव जसं दिसेल, तसंच वेळेच्या कंसात ‘लोकेल’ या पर्यायापुढे अवतरणात लिहा. टर्मिनलमध्ये चालवून बघा. ‘मंडे’च्या जागी सोमवार येईल. मशीनची बाकी भाषा इंग्रजीच राहते, फक्त एवढी एक वेळ मराठीत.

इतर मॉड्यूलच्या फॉरमॅटमध्येही देवनागरी सरळ लिहिता येतं. माझ्या पट्टीवर डिस्कच्या आकड्याआधी ‘जागा’ आहे. अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्ट नाही, लोहित किंवा नोटो सान्स देवनागरी टाकून घ्या. एक बारीक अडचण येते: वेलांट्या आणि रफार वरून कापलेले दिसतात, कारण पट्टीची उंची मुख्य फॉन्टच्या मापाने ठरते आणि देवनागरी अक्षर त्याहून उंच असतं. आयथ्रीच्या कॉन्फिगमध्ये, बारच्या कंसात, फॉन्टच्या ओळीत देवनागरी फॉन्टचं नाव पहिलं लिहा आणि माप एक-दोनने वाढवा. ‘किती’ची वेलांटी पूर्ण दिसू लागली की जमलं.

घरातलं कोणी परदेशात असेल तर दुसरं घड्याळ जोडाच. बहीण बर्लिनला असते, म्हणून माझ्याकडे ‘टीझेडटाइम’चा दुसरा कंस आहे आणि त्यात टाइमझोन युरोप/बर्लिन. हिवाळ्यात आपण तिच्यापेक्षा साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी हा फरक बदलतो आणि आपल्या लक्षात राहत नाही. पट्टीच्या लक्षात राहतं. त्या कंसात स्थानिक वेळेशी जुळल्यास लपवण्याचाही पर्याय आहे. लॅपटॉप घेऊन तिथे गेलात आणि मशीनची वेळ बदललीत, की तेच घड्याळ दोनदा दिसत नाही.

पट्टीला जोडणं

होममधल्या डॉट-कॉन्फिगमध्ये आयथ्री नावाच्या फोल्डरात आयथ्रीची स्वतःची कॉन्फिग फाइल असते. तिच्या शेवटी ‘बार’चा कंस आहे आणि त्यात ‘स्टेटस-कमांड’पुढे आयथ्रीस्टेटस लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा इथे काही करावं लागत नाही. पट्टी वर हवी असेल तर पोझिशन टॉप करा. मग मॉड (आयथ्रीच्या शॉर्टकटसाठी तुम्ही निवडलेली की), शिफ्ट आणि आर एकदम दाबा. आयथ्री जागच्या जागी पुन्हा सुरू होतं, उघड्या खिडक्या बंद होत नाहीत.

लाल निरोप आला तर त्यातला आकडा वाचा. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही: नाव चुकलं किंवा पॅकेजच नाही. १ असेल तर बहुधा कॉन्फिगमध्ये चूक, मग परत टर्मिनलकडे.

आवाज वाढवला आणि पट्टीवर आकडा पाच सेकंदांनी बदलला, असं झालं तर सेकंद कमी करायची गरज नाही. आयथ्रीस्टेटसला युझर-वन हा सिग्नल मिळाला की तो लगेच ओळ ताजी करतो. आयथ्रीच्या मूळ कॉन्फिगमध्ये आवाजाच्या बटणांपुढे किलऑल वापरून हाच सिग्नल पाठवलेला असतो. ब्राइटनेससाठी किंवा कीबोर्ड बदलण्यासाठी स्वतःचं बटण बांधलंत, तर तिथेही तोच तुकडा जोडा. सेकंदाचा काटा पट्टीवर हवा असेल तरच इंटरव्हल १ करा. नाहीतर पाच ठीक आहे, आणि मिनिट बदलतं तेव्हा तो अचूक शून्य सेकंदालाच ओळ छापतो, घड्याळ मागे पडत नाही.

आपलं स्वतःचं काहीतरी

बाहेरच्या स्क्रिप्ट चालवायची सोय आयथ्रीस्टेटसमध्ये मुद्दाम ठेवलेली नाही. पण आयथ्रीबार साधा मजकूरही स्वीकारतो, म्हणून वाट निघते. जनरलच्या कंसात ‘आउटपुट फॉरमॅट’ हा पर्याय, मध्ये अंडरस्कोर देऊन, ‘नन’ करा. मग छोटी शेल स्क्रिप्ट लिहा: आयथ्रीस्टेटसचं आउटपुट पाइपने व्हाइल-लूपमध्ये घ्यायचं, रीडने एक ओळ वाचायची, एकोने आपला मजकूर आधी आणि ती ओळ नंतर छापायची. त्या एकोच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि ‘एक्झिट १’ लिहायला विसरू नका. पट्टी बंद झाली की एको अपयशी ठरतो आणि स्क्रिप्टही थांबते. ते नसेल तर आयथ्री दर वेळी पुन्हा सुरू केलं की जुनी स्क्रिप्ट मागे फिरत राहू शकते. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्या आणि बारमधल्या स्टेटस-कमांडपुढे तिचा पूर्ण मार्ग लिहा. अशा साध्या मजकुरात रंग जातात. रंगही हवे असतील तर ओळ जेसन म्हणून वाचून तिच्यात भर घालावी लागते.

पट्टीवर क्लिक करून काही व्हावं असं वाटू लागलं, की आयथ्रीस्टेटसची हद्द संपली. तेव्हा पाय-थ्री-स्टेटस बघा. ते पायथॉनमध्ये आहे आणि तुमची हीच कॉन्फिग फाइल वाचतं, त्यामुळे केलेलं काम वाया जात नाही. प्रत्येक तुकडा स्वतःच्या स्क्रिप्टने लिहायचा असेल तर आयथ्रीब्लॉक्स. वेलँड या स्क्रीनवर चित्र काढण्याच्या नव्या पद्धतीवर जाऊन स्वे (तिथला आयथ्रीसारखाच विंडो मॅनेजर) वापरत असाल तर तिथली पट्टी आयथ्रीबारचीच भाषा समजते. स्वेच्या मूळ कॉन्फिगमध्ये स्टेटस-कमांडपुढे फक्त तारीख छापणारा लूप असतो. तो काढून आयथ्रीस्टेटस लिहा, मराठी वारासकट सगळी ओळ तिथेही येते.